जुन्या हाडांवरून आजार कसा ओळखायचा: खड्ड्यातल्या पहिल्या फोटोपासून शेवटच्या लेबलपर्यंत

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे तीन हजार वर्षांपूर्वी तान्हं बाळ गेलं की त्याला दोन मडक्यांत ठेवायचे, मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून, आणि राहत्या घराच्याच जमिनीखाली खड्डा करून पुरायचे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी तिथे उत्खनन केलं तेव्हा दोनशेहून जास्त दफनं सापडली आणि त्यातली बहुतेक लहान मुलांची. आता विचार करा, त्या आईने बाळाला घराबाहेर जाऊ दिलं नाही, ज्या जमिनीवर ती सारवायची, झोपायची त्याच्याच खाली ठेवलं, आणि आपल्याला ते मडकं उघडून विचारायचंय की बाई, तुझ्या बाळाला काय झालं होतं? माझ्यासाठी हा सगळा अभ्यास इथून सुरू होतो.

जुन्या हाडांतले आजार शोधण्याच्या शास्त्राला पुरारोगशास्त्र म्हणतात, इंग्रजी नाव पॅलिओपॅथॉलॉजी. नवीन मुलं आली की त्यांना पहिल्या दिवशीच आजाराचं नाव हवं असतं. हाडावर खड्डा दिसला की टीबी, भोकं दिसली की अ‍ॅनिमिया, असं पटकन बोलून मोकळे होतात. मला या लेखात एकच गोष्ट पक्की सांगायचीय, आजाराचं नाव सगळ्यात शेवटी. आधी जागा, मग नोंद, मग वर्णन, मग शक्यतांची यादी, आणि नाव त्यानंतर जमलं तर. नाही जमलं तरी काम वाया जात नाही, कारण चांगलं वर्णन पन्नास वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या उपयोगाला येतं आणि चुकीचं नाव पन्नास वर्षं इतरांची दिशाभूल करत राहतं.

पायरी पहिली: हात लावायच्या आधी

शेतात, विहिरीच्या खोदकामात, रस्त्याच्या कामात माणसाचं हाड दिसलं तर ते उचलू नका. खोदकाम थांबवा, फोटो काढा, पोलिसांना आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. हाड जुनं की अलीकडचं हे तुम्ही-आम्ही रंगावरून ठरवायचं नसतं, आपल्या काळ्या मातीत थोड्या वर्षांतही हाड तपकिरी होतं. आणि उत्खनन हे भारतात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवानगीशिवाय करता येत नाही, त्यामुळे हौस म्हणून कुणी उकरायला जाऊ नये.

रीतसर उत्खननात असाल तर सांगाडा पूर्ण उघडा झाल्याशिवाय एकही हाड हलवायचं नाही. लोखंडी करणी लांब ठेवा, हाडाजवळ बांबूची टोकदार काडी आणि मऊ ब्रश एवढंच. डोकं कुठल्या दिशेला, हात कुठे, पाय कसे, हाडं एकमेकांना जोडलेल्या स्थितीत आहेत की विस्कटलेली, भोवती राख आहे का, भांडी आहेत का, हे सगळं फोटोत स्केल आणि उत्तर दिशेच्या बाणासकट घ्यायचं आणि कागदावर चित्रही काढायचं. चित्र काढताना डोळा जे बघतो ते नुसत्या फोटोत सुटतं, हा माझा अनुभव आहे. पोटाच्या आणि छातीच्या जागेची माती वेगळ्या पिशवीत भरून ठेवा. त्यात मूतखडा सापडू शकतो, गर्भातल्या बाळाची हाडं सापडू शकतात, जंतांची अंडी सापडू शकतात. मार्क आर्मंड रुफर यांनी १९१० साली इजिप्तच्या ममीच्या मूत्रपिंडात बिल्हार्झिया या जंताची अंडी दाखवली होती, म्हणजे किती बारीक गोष्ट टिकून राहते बघा.

डीएनए करायचा विचार असेल तर तो इथेच करायचा, घरी जाऊन नाही. दात आणि कवटीतलं आतल्या कानाभोवतीचं टणक हाड हातमोजे आणि मास्क घालून आधी काढून घ्या, धुऊ नका, त्यावर काही लावू नका. चुकून उघड्या हाताने धरलं तर तसं लिहून ठेवा, लपवू नका.

पायरी दुसरी: साफसफाई

कोरड्या ब्रशने जेवढं निघेल तेवढंच. धुवायचंच असेल तर टणक हाड, हळू, चाळणीवर धरून, आणि सावलीत वाळवायचं, उन्हात टाकलं की हाड तडकतं. तान्ह्या मुलाचं हाड शक्यतो धुऊच नका, ते अंड्याच्या टरफलासारखं पातळ असतं, आणि आजाराची जी कोवळी खूण वरच्या पापुद्र्यावर असते ती पहिल्या घासण्यातच जाते. तुटलेली हाडं चिकटवायला बाजारातला पांढरा गोंद वापरू नये, नंतर निघत नाही. संग्रहालयातले संवर्धक जे परत विरघळवता येतं असं रेझिन वापरतात तेच वापरायचं, तेसुद्धा मोजमाप आणि नमुने घेऊन झाल्यावर.

दख्खनच्या नदीकाठच्या मातीत हाडावर चुनखडीचा कडक थर बसतो. तो काढायला अ‍ॅसिड वापरायचा मोह होतो पण थांबा, चुना विरघळवणारं अ‍ॅसिड हाडही खातं. भिंगाखाली धरून सुईने कणाकणाने काढावं लागतं, एका कवटीला आठवडा गेला तरी चालेल.

पायरी तिसरी: मांडणी, आणि काय नाही त्याची नोंद

लांब टेबल, त्यावर काळं किंवा निळं कापड, आणि सांगाडा माणूस उताणा झोपलाय तसा मांडायचा. मोठ्या माणसाची २०६ हाडं, नवजात बाळाची ३०० च्या आसपास कारण टोकं अजून जुळलेली नसतात. प्रत्येक हाड डावं की उजवं, पूर्ण की अर्धं, पृष्ठभाग चांगला की झिजलेला, हे फॉर्मवर भरायचं. बाइकस्ट्रा आणि उबेलेकर यांनी १९९४ साली संपादित केलेली नोंदीची पद्धत जगभर चालते, तीच धरली तर तुमचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून बघता येतो.

काम कंटाळवाणं आहे पण पुढचा सगळा हिशोब यावर उभा राहतो. समजा तुमच्याकडे ५० सांगाडे आहेत आणि २ जणांच्या मणक्यात क्षयासारखी खूण आहे. लोक लिहून टाकतात पन्नासात दोन. पण ५० पैकी फक्त १२ जणांचे मणके शिल्लक असतील तर ते बारात दोन आहे, आणि बारात दोन म्हणजे गावाचं चित्रच बदललं की नाही? म्हणून जे नाही ते नाही म्हणून लिहायचं, कोरं सोडायचं नाही, कारण कोऱ्या रकान्याचा अर्थ पुढचा माणूस निरोगी असा घेतो.

इनामगावचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. तिथल्या मोठ्या माणसांना पुरताना घोट्याच्या वरून पाय तोडलेले आहेत, ही त्या लोकांची दफनाची रीत होती. आता कुष्ठरोगाच्या मोठ्या खुणा कुठे दिसतात तर पावलाच्या आणि बोटांच्या हाडांत. मग इनामगावात पावलांत कुष्ठरोग दिसत नाही या वाक्याला काहीच अर्थ उरत नाही, पावलंच नाहीत तर दिसणार कुठून? आजार नसणं आणि पुरावा नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फॉर्मवरचा तो रकाना नीट भरला असेल तरच हा फरक हातात राहतो.

पायरी चौथी: वय आणि बाई की पुरुष

हे आजाराच्या आधी ठरवायचं, कारण विशीतल्या माणसाचा झिजलेला खुबा आणि साठीतल्या माणसाचा झिजलेला खुबा यांचा अर्थ एक नसतो. मोठ्या माणसाचं लिंग ओटीपोटाच्या हाडावरून सगळ्यात खात्रीने कळतं, पुढच्या जघनास्थीचा आकार आणि मागची खाच, बाईची खाच रुंद असते, पुरुषाची अरुंद. कवटीवरूनही कळतं पण चूक व्हायची शक्यता जास्त. वयात येण्याआधीच्या मुलांचं नुसत्या हाडाच्या आकारावरून मुलगा-मुलगी सांगू नका, सांगता येत नाही.

वय मात्र मुलांचं जास्त बारकाईने कळतं. दात कुठवर बनलेत ते बघा, २० दुधाचे दात अडीच-तीन वर्षांपर्यंत आलेले असतात, पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास येते. मोठ्यांचं वय ठरवताना पट्टा मोठा ठेवा, ३५ ते ५० असं. कवटीच्या सांध्यांवरून नेमकं वय काढणं सोडून द्या. दातांवरून आलेलं मुलाचं वय आणि मांडीच्या हाडाच्या लांबीवरून आलेलं वय यात जर मोठा फरक पडत असेल, म्हणजे दात तीन वर्षांचे आणि हाड दोन वर्षांच्या मुलाएवढं, तर त्या मुलाची वाढ खुंटली होती, आणि हीच तुमची आजारपणाची पहिली खूण. दात उपाशीपोटीही बऱ्यापैकी वेळेवर बनतात, हाड मात्र थांबतं.

पायरी पाचवी: ही खूण आजाराची की मातीची?

मला विचाराल तर निम्मं कौशल्य या पायरीत आहे. मेल्यानंतर हाडाला हजार गोष्टी होतात आणि त्यातल्या कितीतरी आजारासारख्या दिसतात.

तुटलेली कड बघा. ती बाकी हाडापेक्षा पांढरी, ताजी दिसत असेल तर ती तुमच्याच करणीने तुटलीय. कडेचा रंग बाकी हाडासारखाच असेल तर जुनी. ओलं, जिवंतपणीचं किंवा नुकतंच मेलेल्या माणसाचं हाड गुळगुळीत तिरकं फुटतं, वाळलेलं हाड खडबडीत आणि आडवं. कडा गोल झाल्या असतील, भरून आल्या असतील, तर माणूस त्यानंतर जगलाय, आणि फक्त हीच खात्री खरी. उंदीर-घुशी कुरतडतात तेव्हा शेजारी शेजारी समांतर खाचांच्या जोड्या पडतात. झाडाची मुळं हाडावर नक्षीसारख्या फांद्या फुटलेल्या रेघा कोरतात. वाळवी भोकं पाडते. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, वर्षानुवर्षं हा दाब बसून कवटी वाकडी होते आणि बघणाऱ्याला वाटतं की बाळाचं डोकं जन्मतःच तसं होतं.

चुनखडीबद्दल वर लिहिलं, ती इथेही फसवते. नडगीवर राखाडी खडबडीत थर दिसतो आणि कुणालाही वाटावं की हे संसर्गाने आलेलं नवीन हाड आहे. मी स्वतः एकदा असं लिहून मोकळा झालो होतो, दोन दिवसांनी तोच तुकडा उलटा करून भिंगाखाली धरला तर तो थर तुटलेल्या कडेवरूनही तसाच पुढे गेलेला, हाडाच्या पोकळीतसुद्धा. मेल्यानंतर तुटलेल्या कडेवर जिवंत हाड कसं वाढेल? तेव्हापासून कुठलाही थर दिसला की मी आधी कड बघतो, मग दोन प्रश्न विचारतो, तो हाडाच्या आतही आहे का आणि शेजारच्या खापरावरही आहे का. खापराला आजार होत नाही.

जन्मजात फरकही आजार म्हणून मोजले जातात. छातीच्या मधल्या हाडात कधी कधी आपोआप एक गोल भोक असतं, त्याला जखम समजतात. कोपराच्या वर दंडाच्या हाडात पातळ जागी भोक असतं. कवटीच्या सांध्यांत जादा छोटी हाडं असतात. हे सगळं निरोगी माणसांत असतं. म्हणून आजारी हाडं शिकायच्या आधी निरोगी हाडं शेकड्याने हाताळावी लागतात, त्याला दुसरा मार्ग नाही, वैद्यकीय कॉलेजच्या शरीररचना विभागात परवानगी काढून बसावं, त्यासाठी लाजू नये.

पायरी सहावी: हाडाची भाषा

हाडाला बोलायला दोनच शब्द येतात, वाढणं आणि झिजणं. टीबी असो, कुष्ठरोग असो, कॅन्सर असो, मार असो, हाड एकतर नवीन हाड घालतं नाहीतर असलेलं खातं, किंवा दोन्ही करतं. त्यामुळे एकाच खुणेवरून नाव ठेवणं जवळजवळ अशक्य असतं.

वर्णन करताना हे लिहा: कुठलं हाड, कुठली बाजू, हाडाचा कुठला भाग, किती मिलिमीटर, वाढ की झीज, कडा धारदार की गोल, आणि पोत कसा. पोत बघायला शिकणं महत्त्वाचं. घाईघाईत बनलेलं नवीन हाड राखाडी, सच्छिद्र, पावाच्या तुकड्यासारखं दिसतं आणि मूळ हाडावर वेगळं बसलेलं कळतं, म्हणजे आजार मरताना चालू होता. जुनं, भरून आलेलं हाड गुळगुळीत, रेघारेघांचं आणि मूळ हाडात मिसळून गेलेलं, म्हणजे माणूस त्यातून वाचला आणि पुढे जगला. एकाच नडगीवर दोन्ही दिसू शकतं, जुन्या थरावर नवा थर, म्हणजे दुखणं उलटलं.

एक सावधगिरी मात्र मनापासून सांगतो. अगदी तान्ह्या बाळाचं हाड इतक्या वेगाने वाढतं की त्यावर सच्छिद्र नवीन हाड असणं हेच त्याचं नॉर्मल असतं. पहिल्या काही महिन्यांच्या बाळाच्या लांब हाडावर असा थर दिसला म्हणून लगेच संसर्ग लिहायचा नाही. तो थर दोन्ही बाजूंना सारखा आहे, सगळ्या हाडांवर आहे, तर बहुतेक ती वाढच.

पायरी सातवी: पूर्ण सांगाड्यावर नकाशा काढा, मग शक्यता मांडा

सांगाड्याचं कोरं चित्र घ्या, पुढून आणि मागून, आणि प्रत्येक खूण रंगवा. आजार ओळखू येतो तो या नकाशावरून. काही नकाशे पाठ असलेले बरे.

क्षयरोग बहुतेक वेळा मणक्यांच्या पुढच्या भागावर बसतो, पाठीचे खालचे आणि कंबरेचे वरचे मणके. मणक्याचा पुढचा भाग खाल्ला जातो, नवीन हाड फारसं येत नाही, मागची कमान बहुधा वाचते, मग मणका पुढे कोसळतो आणि कुबड येतं. पर्सिव्हल पॉट या इंग्रज सर्जनने अठराव्या शतकात याचं वर्णन केलं म्हणून पॉटचं दुखणं म्हणतात. मणका दिसला की ब्रुसेलोसिसही आठवा, गुराढोरांपासून, कच्च्या दुधातून येणारा ताप, त्यातही मणके जातात पण तिथे नवीन हाड जास्त दिसतं. जिथे माणसं आणि गुरं एका छपराखाली राहत होती तिथे ही शक्यता आधी लिहायची. बरगड्यांच्या आतल्या बाजूला नवीन हाड असेल तर फुप्फुसाचं काहीतरी दुखणं होतं एवढंच म्हणता येतं, टीबीच असं नाही.

कुष्ठरोगाचा नकाशा चेहऱ्यावर असतो. नाकाच्या खालचा छोटा काटा झिजून जातो, नाकाच्या भोकाच्या कडा गोल होतात, वरच्या पुढच्या दातांना धरणारं हाड आक्रसतं, टाळूवर खड्डे पडतात. डेन्मार्कच्या मोलर-ख्रिस्तेनसेन या डॉक्टरने नेस्टवेद इथल्या मध्ययुगीन कुष्ठरुग्णालयाच्या दफनभूमीतले सांगाडे अभ्यासून हे सगळं बारकाईने मांडलं. हातापायाच्या बोटांची हाडं पेन्सिलसारखी निमुळती होतात.

आपल्याकडचं याचं मोठं उदाहरण उदयपूरजवळच्या बालाथलचं. तिथे वि. ना. मिश्र यांच्या उत्खननात मध्यमवयीन पुरुषाचा एक सांगाडा मिळाला, इसवी सनापूर्वी २५०० ते २००० या काळातला, दगडी आवारात जळलेल्या शेणाच्या राखेच्या भरावात ठेवलेला. ग्वेन रॉबिन्स, वीणा मुश्रीफ-त्रिपाठी, वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी २००९ साली त्याच्या चेहऱ्यावरच्या याच खुणा दाखवल्या, नाकाची कड, वरच्या जबड्याची झीज, टाळू, दोन्ही बाजूंना सारखं. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वी भारतात कुष्ठरोग होता. मला त्यांच्या कामात आवडतं ते हे की एका खुणेवर ते थांबले नाहीत, दुसरे कोणते आजार चेहरा असा करतात ते एकेक घेऊन का बसत नाहीत ते मांडलं. तुमच्या वहीतही तसंच असायला हवं, डाव्या पानावर जुळतं काय, उजव्या पानावर जुळत नाही काय.

लहान मुलांत कुपोषणाचे आजार शोधा. स्कर्व्हीत व्हिटॅमिन सी नसल्याने बारीक रक्तवाहिन्या गळतात आणि जिथे जिथे रक्त साचतं तिथे हाड सच्छिद्र होतं, कानशिलाजवळ डोळ्यामागचं पंखासारखं हाड, डोळ्याच्या खोबणीचं छत, खांद्याचं पातं, भोकं एक मिलिमीटरपेक्षाही बारीक आणि दोन्ही बाजूंना. अंगावर पिणाऱ्या बाळात हे दिसलं तर थांबून विचार करा, बाळाला व्हिटॅमिन सी आईच्या दुधातून मिळतं, म्हणजे आईच्याच पानात भाजी-फळ नव्हतं. मुडदुसात नडगी आणि मांडी वाकते, बरगड्यांची टोकं फुगतात, पण मातीच्या दाबानेही हाड वाकतं हे वर सांगितलंच. डोळ्याच्या खोबणीच्या छतावर चाळणीसारखी भोकं पडतात, ती वर्षानुवर्षं लोहाच्या कमतरतेची खूण म्हणून लिहिली गेली, २००९ साली फिलिप वॉकर आणि सहकाऱ्यांनी त्यावर शंका घेतली, बी-१२ ची कमतरता, स्कर्व्ही, इतरही कारणं पुढे आणली. म्हणून फक्त खोबणीतली भोकं एवढंच लिहा, अ‍ॅनिमिया लिहू नका.

सांध्यांची झीज सगळ्यात जास्त सापडते. त्यावरून हा माणूस नांगर धरायचा, ती बाई जातं ओढायची अशा गोष्टी सांगायला फार गोड वाटतं, पण वय, वजन, घराणं सगळ्यानेच सांधे झिजतात. मी ते वाक्य माझ्या लिखाणातून काढून टाकतो.

पायरी आठवी: दात वेगळ्या कागदावर

दात हे सांगाड्यातलं सगळ्यात चिवट आणि प्रामाणिक अंग. इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं टणक आवरण, एकदा बनलं की परत बदलत नाही, त्यामुळे दात घडत असताना मूल आजारी पडलं किंवा उपाशी राहिलं तर तिथे आडवी रेघ कायमची राहते. नखाने हळूच खालीवर फिरवा, डोळ्याला दिसायच्या आधी नखाला कळते. कायमच्या सुळ्याचं इनॅमल पहिल्या सहाएक वर्षांत घडतं, रेघ दाताच्या मानेपासून, म्हणजे जिथे इनॅमल संपून मूळ सुरू होतं तिथून, किती अंतरावर आहे ते व्हर्नियर कॅलिपरने मोजलं की साधारण कितव्या वर्षी धक्का बसला ते कळतं. चाळीस वर्षांच्या माणसाच्या दातात त्याच्या तिसऱ्या वर्षाचं दुखणं लिहिलेलं असतं, हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी बराच वेळ तो दात हातात धरून बसलो होतो.

कीड, किटण, पू झालेल्या मुळाची भोकं, जिवंतपणी पडलेले दात, झीज, सगळं दातागणिक नोंदवा. कीड मोजताना पडलेले दात विसरू नका, किडूनच पडलेले असू शकतात. किटण खरवडून फेकू नका, त्यात अन्नाचे कण आणि तोंडातल्या जंतूंचा डीएनए अडकलेला असतो. इनामगावच्या मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवरचे खड्डे जॉन ल्युकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी अभ्यासले आणि ते हवामान आणि खाण्यातल्या बदलांशी जोडून बघितले.

पायरी नववी: यंत्रं

एक्स-रे परवडत असेल तर लांब हाडांचा जरूर काढा, थांबून परत सुरू झालेल्या वाढीच्या आडव्या रेघा आणि भरून आलेली फ्रॅक्चर दिसतात. जिथे शंका तिथेच सीटी स्कॅन. डीएनएबद्दल आशा ठेवा पण आपल्या उष्ण हवेत तो फार टिकत नाही, हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन जागेच्या २०१९ च्या कामात ६१ नमुन्यांपैकी फक्त एकातून नीट डीएनए हाती आला होता. त्यामुळे दुर्मिळ हाड कापून पावडर करायच्या आधी त्याचे फोटो, मोजमापं, थ्रीडी स्कॅन करून ठेवा, कापलेलं परत येत नाही.

पायरी दहावी: एका माणसावरून गावाकडे

सगळ्यात मोठा खड्डा इथे आहे. हाड हळू बोलतं, त्याला खूण उमटवायला आठवडे-महिने लागतात. पटकी काही तासांत, दिवसांत माणूस घेऊन जाते, हाड कोरं. १८९७ साली पुण्यात प्लेगने घरंच्या घरं रिकामी केली, त्यातल्या कुणाचा सांगाडा आज टेबलावर मांडला तर नुसत्या डोळ्याला तो निरोगी तरुण माणसाचा दिसेल. प्लेगचा जंतू मिळतो तो दातातल्या डीएनएमध्ये, लंडनच्या ईस्ट स्मिथफील्ड या १३४८-४९ च्या दफनभूमीतून २०११ साली तसा मिळवला.

उलट ज्याच्या हाडावर भरून आलेल्या खुणा आहेत तो त्या आजाराशी झगडून जगलेला माणूस. १९९२ साली जेम्स वुड आणि सहकाऱ्यांनी हा पेच नीट मांडला, जास्त खुणा असलेलं गाव जास्त आजारी असेलच असं नाही, कदाचित तिथले लोक खूण उमटेपर्यंत टिकत होते. शिवाय दफनभूमीत सापडलेली मुलं ही मेलेली मुलं आहेत, जगलेली मुलं नाहीत. टीबी आणि कुष्ठरोग झालेल्यांपैकी मोजक्याच लोकांच्या हाडापर्यंत तो पोचतो, म्हणून एक सांगाडा सापडला तर गावात रुग्ण बरेच असणार, पण किती ते गुणाकार करून सांगू नका.

म्हणून तुलना करताना एकाच जागेचे दोन काळ घ्या, सारख्याच वयाचे, सारखेच टिकलेले. इनामगावात ते करता येतं, आधीचा जोर्वे काळ (जोर्वे हे तिथल्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीचं नाव) इसवी सनापूर्वी १४०० ते १००० आणि उत्तर जोर्वे १००० ते ७००. उत्तर काळात चौकोनी ऐसपैस घरं जाऊन छोट्या गोल झोपड्या आल्या, शेती आटली. त्या दोन काळांतल्या मुलांची हाडं शेजारी ठेवून वाढ बघितली की भांड्यांवरून आणि धान्यावरून जे कळतं त्याला मुलांच्या शरीरातून दुजोरा मिळतो की नाही ते तपासता येतं. एकट्या हाडांना बोलायला लावू नका, जळालेलं धान्य, जनावरांची हाडं, घरांचे आकार सगळं बरोबर बसवा.

पायरी अकरावी: लिहिणं आणि परत ठेवणं

रिपोर्टमध्ये वर्णन आणि अर्थ यांचे वेगळे परिच्छेद करा. अर्थ लिहिताना शब्द ठरवून घ्या, फक्त याच आजारात दिसतं, या आजाराशी जुळतं, या आजारात दिसू शकतं पण इतरातही दिसतं, हे तीन दर्जे वेगळे ठेवा आणि सरसकट टीबी होता असं लिहू नका. प्रत्येक खुणेचा स्केलसह फोटो द्या, निरोगी बाजूचाही द्या म्हणजे वाचणारा स्वतः ताडून बघेल.

आणि शेवटी पॅकिंग. एका जुन्या साठवणीच्या खोलीत मी असे डबे बघितलेत जिथे पावसाचं पाणी शिरून कागदी लेबलं लगदा झाली होती, हाडं तशीच होती, चांगली टणक, पण ती कुठल्या खड्ड्यातली, कुठल्या थरातली, कुणाची, काहीच उरलं नव्हतं. त्या माणसांना दुसऱ्यांदा पुरल्यासारखं वाटलं मला, फार वाईट वाटलं. म्हणून लेबल दोन, एक पिशवीच्या आत, एक बाहेर, न विरघळणाऱ्या शाईने, शक्य तर प्लास्टिकच्या पट्टीवर. पिशवीला टाचणीने भोकं पाडा नाहीतर दमट हवेत बुरशी येते. जड हाडं खाली, बरगड्या वर, कवटी वेगळ्या डब्यात मऊ कागदाच्या चुंबळीवर आणि दात वेगळ्या छोट्या डबीत. एका माणसाचे सगळे डबे एकत्र राहू द्या, दुसऱ्याची हाडं त्यात मिसळू देऊ नका. मडक्यातलं बाळ असेल तर मडक्याच्या तुकड्यांचा नंबर आणि बाळाचा नंबर एकमेकांच्या लेबलवर लिहा, म्हणजे ती दोघं निदान कागदावर तरी बरोबर राहतील.